‘पोट्ट्याले चढतच नाही’ म्हणजे नेमकं काय?

वऱ्हाडातल्या कुठल्याही वरातीत हे दिसतं. डीजेच्या गाडीमागे अंधारात नवरदेवाचे दोस्त आणि एक-दोन काके-मामे मिळून बाटली फिरवतात. तासाभरानं मामा मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत मान टाकून घोरत असतात. अकरावीतला भाचा मात्र गाडीसमोर नाचतोच आहे. प्यायलाय तेवढीच, कदाचित थोडी जास्तच. मग कुणीतरी कौतुकानं म्हणतं, “पोट्ट्याले चढतच नाही राजा!”

या कौतुकात एक खरा प्रश्न आहे. भाच्याचं वजन कमी, सवय नाही, पोटात सकाळपासून धड अन्न नाही. हिशेबानं आधी तो आडवा व्हायला हवा, मग उलट मामाच का आडवे होतात? ‘तरुण रक्त’ हे आपलं ठरलेलं उत्तर, पण त्यातून काहीच समजत नाही. खरं उत्तर मेंदूत आहे, आणि एकदा ते कळलं की या कौतुकाची भीती वाटायला लागते.

अर्ध्या क्वार्टरचा हिशेब

पिणारी पोरं कमीच आहेत, हे आधी सांगायला हवं. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात १० ते १७ वयोगटातली १.३ टक्के मुलं दारू पिणारी निघाली. टक्केवारी किरकोळ वाटते, पण डोकी मोजली तर ती ३० लाखांच्या घरात जातात.

या वयातलं पिणं रोजचं नसतं, ‘प्रोग्राम’चं असतं. वाढदिवस, बारावीचा निकाल, पोळ्याची कर, निवडणुकीचा आठवडा. अकोल्यात क्लाससाठी आणि अमरावतीत कॉलेजसाठी रूम करून राहणारी पोरं पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली असतात. शनिवारी मेस बंद असली की कुणाच्या तरी रूमवर बेत ठरतो. घरी कळलंच तर उत्तर तयार असतं, “एकदाच तर घेतली.”

या ‘एकदाच’चा हिशेब कागदावर करून पाहू. क्वार्टर म्हणजे १८० मिली. व्हिस्की-रमच्या लेबलवर ४२.८ टक्के अल्कोहोल छापलेलं असतं. म्हणजे बाटलीत सुमारे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात ६० ग्रॅम. दोघांनी वाटून घेतली तर प्रत्येकी ३० ग्रॅम. पन्नास किलोच्या पोरानं ती उपाशीपोटी घाईघाईनं संपवली, तर त्याच्या १०० मिली रक्तात साधारण ८० ते ९० मिलिग्रॅम अल्कोहोल होतं. गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. ८० च्या पुढे गेलं की संशोधक त्याला ‘एका बैठकीतलं अतिमद्यपान’ म्हणतात. म्हणजे अर्धी क्वार्टर त्या पोरासाठी थोडीशी नसते, आणि महिनाभर कोरडं राहिलं म्हणून तो आकडा खाली येत नाही. कोवळ्या मेंदूच्या बाबतीत एका रात्री रक्तातली पातळी किती वर गेली, याला फार महत्त्व आहे. पुढे ज्या प्रयोगांचा उल्लेख येईल, त्यांतल्या अनेकांत उंदरांना दारू अशीच तुटक दिली होती. दोन दिवस भरपूर, मग दोन दिवस काहीच नाही.

मेंदूतली विरळणी

सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. त्यामुळे मेंदू वाढायचा तो लहानपणीच वाढतो, असा पूर्वी समज होता. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांचे मेंदू दर दोन-एक वर्षांनी एमआरआयवर पाहिले. वयात येताना मेंदूत मोठी उलथापालथ होते आणि ती विशीतही चालू राहते, हे त्यातून स्पष्ट झालं.

ही उलथापालथ कापूस पेरणाऱ्याला समजायला सोपी आहे. बियाणं आजच्याइतकं महाग नव्हतं तेव्हा एका जागी दोन-तीन सरक्या टोबायचे. पंधरा-वीस दिवसांनी जोमदार रोप ठेवून बाकीची उपटायची, ती विरळणी. मेंदूही लहानपणी पेशी-पेशींमधल्या जोडण्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त करून ठेवतो आणि वयात येताना त्यांची विरळणी सुरू करतो. शेतात कोणतं रोप ठेवायचं हे शेतकरी ठरवतो, मेंदूत ते वापरावरून ठरतं. रोज लागणाऱ्या जोडण्या टिकतात, पडून राहिलेल्या जातात. उरलेल्या धाग्यांवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टन चढतं आणि त्यांतून संदेश वेगानं धावू लागतात. काम डोक्याच्या मागच्या बाजूनं सुरू होऊन पुढे सरकतं. कपाळामागचा भाग शेवटी पुरा होतो, साधारण पंचविशीच्या आसपास. परिणामांचा विचार करणं, मोह आवरणं, बेत बदलणं ही कामं याच भागाकडे असतात.

विरळणीचे मजूरही ठरलेले आहेत. मायक्रोग्लिया नावाच्या पेशी नको त्या जोडण्या गिळून टाकतात. एरवी त्यांचं काम मेंदूची राखण करण्याचं. जंतू आला, इजा झाली की त्या चवताळतात. दारूनंही चवताळतात, ही यातली वाईट बातमी.

पीक कोणत्या अवस्थेत आहे यावर सगळं असतं, हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. पाती-फुलांवर असताना ताण बसला तर पाती गळते. झाड तरीही हिरवंगार उभं असतं, लांबून पाहणाऱ्याला काही झालंय असं वाटत नाही. कळतं ते वेचणीला.

मामा का झोपले?

दारू मेंदूत मुख्यतः दोन ठिकाणी हात घालते. गाबा हा पेशींना शांत करणारा संदेशवाहक. दारू त्याचा जोर वाढवते, म्हणून सुस्ती येते, तोल जातो, झोप लागते. ग्लुटामेट हा चेतवणारा. दारू त्याला दाबते. नवी गोष्ट लक्षात राहण्यासाठी पेशींमधली जोडणी पक्की व्हावी लागते आणि ते काम ग्लुटामेटवाचून होत नाही. म्हणून दारूनं आठवण नोंदली जात नाही.

मोठ्या माणसात हे दोन्ही परिणाम बरोबरीनं होतात, कोवळ्या वयात मात्र त्यांची फारकत होते. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात लिंडा स्पिअर यांच्या प्रयोगशाळेत वयात येणाऱ्या उंदरांना दारू देऊन पाहिली. प्रौढ उंदीर ज्या मात्रेवर उताणे पडले, त्या मात्रेवर ही पिल्लं तग धरून होती. त्यांना झोपवायला जास्त दारू लागली, आणि रक्तात अजून बरीच दारू असतानाच ती उठून उभी राहिली. गाबाची यंत्रणा या वयात पुरती पिकलेली नसते, हे त्याचं एक कारण मानलं जातं.

आठवणीच्या बाबतीत उलटं झालं. कानाच्या वर, आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नव्या आठवणी तिथे बनतात. ड्यूक विद्यापीठातले स्कॉट स्वार्ट्झवेल्डर यांनी १९९५ साली कोवळ्या आणि प्रौढ उंदरांच्या हिप्पोकॅम्पसचे पातळ काप घेऊन दाखवलं की तेवढ्याच दारूत कोवळ्या कापांमधलं जोडण्या पक्क्या होण्याचं काम जास्त दबतं. माणसांच्या मुलांवर असा प्रयोग करता येत नाही, करूही नये. पण १९९८ साली त्याच गटानं २१ ते २४ आणि २५ ते २९ वर्षांच्या स्वयंसेवकांना सारख्या प्रमाणात दारू देऊन स्मरणाच्या चाचण्या घेतल्या. चार-पाच वर्षांनी लहान असलेल्यांची स्मरणशक्ती जास्त ढासळली.

आता वरातीत परत पाहा. मामांना झोपेनं थांबवलं. भाच्याला थांबवणारं आतून काही नाही, म्हणून तो आणखी एक भरतो आणि ज्या पातळीवर मामा कधी पोचलेच नाहीत तिथे जाऊन पोचतो. तो नाचला, मोटारसायकल चालवत घरी आला, आईशी दोन शब्द बोललाही. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही, कारण ते नोंदलंच गेलं नाही. दोस्त याच्यावर महिनाभर हसतात. वास्तविक त्या रात्री दोन-तीन तास त्याचा हिप्पोकॅम्पस बंद होता.

पुढचा भाग आणखी चमत्कारिक आहे. कोवळ्या वयात दारू पाजलेले उंदीर मोठे झाले, मधले अनेक आठवडे कोरडे गेले, तरी दारूच्या बाबतीत ते पिल्लांसारखेच वागत राहिले. झोप लवकर येत नाही, आठवण लवकर जाते. स्पिअर आणि स्वार्ट्झवेल्डर यांनी २०१४ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेऊन हे मांडलं. ‘चढत नाही’ ही खुबी वयाबरोबर जायला हवी होती, ती तशीच चिकटून राहते. अशा माणसाला आयुष्यभर थांबण्याची खूण उशिरा मिळणार.

चौकट : पोरगा पिऊन बेशुद्ध पडला तर

हलवून, हाक मारून उठत नसेल, श्वास मंद किंवा थांबत-थांबत चालत असेल, अंग गार पडलं असेल, तर ‘झोपू द्या, उतरेल’ म्हणू नका. एका कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही. लिंबूपाणी, ताक, कॉफी तोंडात ओतू नका, उलटी काढायला घशात बोटं घालू नका, थंड पाण्याखाली धरू नका. एकटं सोडू नका. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. पोटातली दारू रक्तात उतरणं नंतरही चालू असतं, त्यामुळे शेवटच्या घोटानंतरही हालत बिघडू शकते.

जुनी जागा न सोडणारे उंदीर

या सगळ्या संशोधनात मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो पोहणाऱ्या उंदरांचा प्रयोग. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात फुल्टन क्रूज यांच्या प्रयोगशाळेनं तो केला.

एक मोठा गोल हौद, त्यात गढूळ केलेलं पाणी. पाण्याखाली बोटभर खोल एक लहानसा ओटा, वरून न दिसणारा. उंदराला पाण्यात सोडलं की तो धडपडत पोहतो आणि केव्हातरी ओट्यावर चढतो. चार-सहा दिवसांत आजूबाजूच्या खुणा पाहून त्याला जागा पाठ होते, मग तो सरळ तिथेच जातो. पौगंडात दारू मिळालेले आणि कधीच न मिळालेले, असे दोन्ही उंदीर प्रौढ झाल्यावर या हौदात सोडले. दोघेही सारखेच शिकले.

मग ओटा हलवून दुसरीकडे ठेवला. दारू न पाहिलेले उंदीर जुन्या जागी गेले, घुटमळले आणि नवी जागा शोधायला निघाले. दुसरे मात्र जुन्या जागेभोवतीच फेऱ्या मारत राहिले. शिकायला ते कमी पडले नव्हते, शिकलेलं सोडणं त्यांना जमत नव्हतं.

म्हणूनच घरच्यांना काही कळत नाही, असं मला वाटतं. गुणपत्रिकेत हे दिसणार नाही. पोरगा अभ्यास करतो, पास होतो, कामाला लागतो. बेत फसल्यावर तो बदलता येणं, तोट्यातला धंदा वेळेवर बंद करणं, भांडणात एक पाऊल मागे घेणं, बाटली बाजूला ठेवणं यांची परीक्षा पस्तिशीत होते. उंदरावरून माणसावर उडी मारताना जपून मारावी हे खरं. पण पौगंडात भरपूर प्यायलेल्यांची पुढे नेमकी कोणती बाजू तपासायची, हे या हौदानं दाखवलं.

असं होतं कशानं? क्रूज यांच्या गटाला दोन गोष्टी सापडल्या. चवताळलेल्या मायक्रोग्लिया दारू थांबल्यावरही पूर्ववत होत नाहीत. दाहाचे रासायनिक संकेत धुमसत राहतात आणि हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी जन्माला येण्याचं प्रमाण घटतं. दुसरं म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाच्या तळाशी अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन पुरवणाऱ्या पेशी असतात, त्या प्रौढपणी कमी भरतात. लक्ष एका गोष्टीवरून काढून दुसरीवर लावायला हे रसायन लागतं.

आणि भीती. शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठाचे सुभाष पांडे भीतीच्या केंद्रावर, म्हणजे अमिग्डालावर काम करतात. कोवळ्या वयात दारू मिळालेले उंदीर मोठेपणी जास्त घाबरट होतात आणि जास्त पितात, असं त्यांना दिसलं. या उंदरांची जनुकं बदललेली नसतात. पण डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा बदलतात आणि जोडण्या घडवणारी काही जनुकं दबून राहतात. दारूनं आलेली बेचैनी घालवायला पुन्हा दारू, हे चक्र अकरावीतच फिरायला लागलेलं असू शकतं.

आधी दारू की आधी मेंदू?

इथे शंका घ्यायलाच हवी. लवकर पिणारी मुलं मुळातच वेगळी असतील तर? ज्याच्या घरी बाप पितो, जो मुळात उतावळा आहे, तोच लवकर पिणार आणि तोच पुढे अडकणार. मग दोष दारूला कसा द्यायचा?

अमेरिकेत १९९७ साली ग्रँट आणि डॉसन यांनी २७ हजारांहून अधिक पिणाऱ्यांची माहिती तपासली. पंधराच्या आत सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के आयुष्यात कधी ना कधी व्यसनाधीन झाले होते. विशीनंतर सुरुवात केलेल्यांत हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. गोव्यातला अभ्यास आपल्याला जास्त जवळचा. अरविंद पिल्लई, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यातल्या सुमारे १,९०० पुरुषांची पाहणी करून ती २०१४ साली प्रसिद्ध केली. पिणाऱ्यांपैकी १९५६ ते १९६० मध्ये जन्मलेल्यांत पौगंडात सुरुवात करणारे जेमतेम २० टक्के होते, १९८१ ते १९८५ मध्ये जन्मलेल्यांत ७४ टक्के. लवकर सुरुवात केलेल्यांत व्यसन, इजा आणि मानसिक त्रास जास्त होता. पण कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे अशा पाहण्या शेवटपर्यंत सिद्ध करू शकत नाहीत.

उलट बाजूचा पुरावा बंगळुरूच्या निम्हान्समधून आला. २००७ साली विवेक बेनेगल आणि सहकाऱ्यांनी व्यसनी बापांच्या मुलांचे मेंदू पाहिले. या मुलांनी स्वतः दारू घेतलेली नव्हती, तरी मेंदूच्या काही भागांतलं करडं द्रव्य (ग्रे मॅटर) इतरांपेक्षा कमी होतं. म्हणजे काही फरक बाटलीच्या आधीचाही असतो.

हा गुंता सोडवायला अमेरिकेत २०१२ पासून १२ ते २१ वर्षांच्या ८३१ मुलांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली आहे. बहुतेक जण प्यायला लागण्याआधीच पाहणीत आले. या वयात करडं द्रव्य विरळणीमुळे सगळ्यांचंच घटतं. पुढे जी मुलं भरपूर प्यायला लागली त्यांच्या कपाळामागच्या भागात ते जास्त वेगानं घटलं, असं २०१८ साली दिसून आलं. म्हणून मी दोन्ही बाजूंना अर्धं-अर्धं माप देणार नाही. घरातून आलेला धोका खरा आहे, आणि त्यावर दारू आपली भर घालते, हेही तितकंच खरं.

घरातून आलेला धोका म्हणजे नशीब नव्हे, याचा दाखला वऱ्हाडात शोधायला लांब जावं लागत नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे झिंगराजी जानोरकर दारूपायी खचले आणि १८८४ साली वारले. मुलगा डेबूजी तेव्हा आठ वर्षांचा. आई त्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी गेली. हाच डेबूजी पुढे गाडगेबाबा झाला. मुलीच्या बारशाला जातीच्या पंगतीत दारू आणि मटण वाढायचा रिवाज होता. त्यानं तो मोडून गोडाचं जेवण घातलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं : त्यानं माणसांना उपदेश करण्याआधी प्रसंग बदलला. पोरांचा पहिला घोट अशाच प्रसंगात, आपल्याच माणसांच्या हातून येतो.

महाराष्ट्रात बिअर-वाईनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पुरी लागतात. कायदा करणाऱ्यांनी एमआरआय पाहिला नव्हता, पण आकडा बरोबर लागला. बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमानुसार डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय अठराखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ‘देणारा’ या शब्दात मामाही येतात.

सुटल्यावर काय परत येतं?

बरंच येतं. क्रूज यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना फिरतं चाक देऊन पळू दिलं तेव्हा दाहाचे संकेत उतरले आणि अ‍ॅसिटिलकोलीनच्या ‘हरवलेल्या’ पेशी पुन्हा दिसू लागल्या. म्हणजे त्या पेशी मेल्या नव्हत्या, आपलं काम सोडून बसल्या होत्या. पांडे यांच्या गटानं २०२२ साली अमिग्डालातल्या एका जनुकाच्या खुणा जनुक-संपादनानं पूर्ववत केल्या, तर प्रौढ उंदरांची भीतीही कमी झाली आणि पिणंही. यातलं काही अजून दवाखान्यात मिळत नाही. माणसांमध्ये दिसतं ते असं, की पिणं थांबवल्यावर काही आठवडे ते महिन्यांत लक्ष आणि स्मरण सुधारतं. ज्यांनी पौगंडात फार घेतली त्यांच्यात काही फरक मागे राहतात. विशीच्या आतल्या पोराची विरळणी अजून चालू असते. कोवळेपणामुळे त्याचं नुकसान जास्त झालं, आणि नवं वळण बसायलाही तोच कोवळेपणा उपयोगी पडतो.

व्यसनमुक्तीचं सरकारी मोफत मार्गदर्शन १४४४६ या क्रमांकावर आणि मानसिक आरोग्याचं ‘टेलिमानस’ १४४१६ वर मिळतं. फोन करण्याआधी पोराचं पिणं ‘व्यसन’ ठरलेलं असण्याची गरज नाही. आई-वडील, मोठा भाऊ, होस्टेलचे रेक्टर, रूम पार्टनर, कुणीही विचारू शकतं.